भिंतीवरची पानगळ

"पावणं, ह्यावर तुमचा इस्वास बसणार न्हाय," मी आधीच सांगून टाकलं. "माझ्या बायकोचाबी बसला न्हवता. आणि तिनं तर माझ्यावर इस्वास ठेवून लगीन केलतं."

दूधकट्ट्यावर ऊन अजून उतरायचं होतं. सयाजी गवळी म्हशीच्या पोटाला डोकं टेकून धार काढत होता आणि पेल्यातल्या फेसावरून वाफ निघत होती. पावणा म्हणजे आजऱ्याचा जोतीराम. काजूच्या व्यापाऱ्याच्या टेम्पोवरचा ड्रायव्हर, तिशीतला, कानाला मफलर. माल उतरवून दूध प्यायला थांबला होता आणि पहिल्याच घोटाला त्यानं चूक केली. म्हणाला, कसलं हे तुमचं कोल्हापूर, सबंध रस्त्याला एक झाड नाही, माणसानं गाडी लावायची कुठं?

झाड नाही हे खरंच होतं. पण आमच्या गावात यायचं, आमच्या म्हशीचं दूध प्यायचं आणि ओठावरचा फेस पुसायच्या आत गावाला नाव ठेवायचं, हे मला सोसत नाही. मी उभं आयुष्य एका सिनेमा थिएटरच्या दारात तिकिटं फाडली आहेत. आतली गोष्ट कानानं ऐकायची आणि बाहेर रांगेतल्या लोकांना दीडपट करून सांगायची, हा माझा खरा धंदा. तिकिटं फाडणं ही नुसती नोकरी.

"झाडं हुती," मी म्हणालो. "आणि ती आमच्या ह्या पेंटरनं परत लावली. भिंतीवर. साक्षीदार बाजूलाच बसलाय, इचारा."

माझ्या बाजूला पिराजी पेंटर बसला होता. दोन्ही हातांत पेला धरून, जणू चोरीला जाईल. पिराजीला मी साक्षीदार म्हणून नेहमीच वापरतो. तो कमी बोलतो, आणि कमी बोलणारा माणूस कोर्टात आणि कट्ट्यावर सारखाच किमती असतो. त्याची नखं बघितली की पुढचं फार सांगावं लागत नाही. कडेला अजून रंग आहे, आता कुठलं काम नसलं तरी.

तर आधी हा पिराजी काय होता ते सांगतो.

आमच्या थिएटरचे बोर्ड हाच रंगवायचा. दर शुक्रवारी नवा. बांबूच्या माळ्यावर चढून, एका हातात रंगाचा डबा आणि दातात ब्रश. त्यानं काढलेल्या खलनायकाचे डोळे असे असायचे की पेठेतल्या बायका बोर्डाखालून जाताना पदर सावरायच्या. एका सिनेमात वाघ होता. तो वाघ ह्यानं बोर्डावर चढवला आणि बोर्डाखाली बांधलेली म्हैस तिथल्या तिथं आटली. आठवडाभर थेंब नाही.

"माझ्या आज्ज्याची म्हस," सयाजी धार न थांबवता म्हणाला. त्याच्या आज्ज्यानं कधी म्हैस पाळली नव्हती; तो गाडीतळावर हमाल होता. पण सयाजी चांगला माणूस आहे.

जोतीरामनं पिराजीकडं बघितलं.

"वाघ न्हवं," पिराजी म्हणाला. "बिबट्या हुता."

हे असं आहे. मोठं खोटं तो जाऊ देतो आणि त्यातलं बारीक काय ते दुरुस्त करतो. त्यामुळं माझं खोटं दुप्पट पक्कं होतं. मला असा जोडीदार उगाच नाही मिळाला.

बोर्ड झाले की दुसरं काम असायचं मेलेल्या माणसांचं. आमच्या पेठेत तेव्हा पद्धत होती. घरातलं माणूस गेलं की तेराव्याच्या आत त्याचं रंगीत चित्र भिंतीवर लागायला पाहिजे, चंदनाच्या हारासकट. लोक फोटो घेऊन यायचे. कुणाचा लग्नातल्या घोळक्यातला, कुणाचा रेशनच्या ऑफिसातला, कुणाचा फोटोच नाही, नुसतं "नाक माझ्यागत हुतं बगा". पिराजी बसायचा आणि माणूस उठवायचा. विधवा बाया यायच्या, चित्रासमोर उभ्या राहायच्या आणि डोकीवरचा पदर पुढं ओढायच्या. ह्यात मी काही वाढवून सांगत नाही.

ह्यामुळंच त्याच्या बायकोनं, मीनाबाईनं, त्याला एक बंदी घातली होती. माझं चित्र काढायचं नाही. "तुमच्या हातात गावलं की माणूस भितीवर जातंय," म्हणायची. "मला अजून बोरं इकायची हाईत." लग्नापासून शेवटपर्यंत पिराजीनं तिची रेघसुद्धा ओढली नाही. अख्ख्या कोल्हापूरची थोबाडं काढणारा माणूस आणि घरात बायकोचा म्हणून एकच फोटो, आधार कार्डावरचा. तो बघून यमानंही ओळख पटली नाही म्हणून परत पाठवली असती.

मीनाबाई बसायची त्याच रस्त्यावर, ज्याला जोतीराम नाव ठेवत होता. दोन्ही बाजूंनी शिरसाची झाडं. किती जुनी, कुणी लावली, ह्यावर पेठेत मारामाऱ्या व्हायच्या; मी ती माझ्या पणजोबानं लावली असं सांगायचो. वळणाजवळच्या झाडाच्या बुंध्याला पाठ लावून ती बसायची. थंडीत बोरं, पेरू, हरभऱ्याचे डहाळे. उन्हाळ्यात चिंचा. समोर एक बुट्टी, बाजूला पोत्याचा तुकडा, त्यावर गिऱ्हाईकानं टेकायचं. तिची बोरं एवढी आंबट की शाळेतली पोरं खाऊन वर्गात गेली की मास्तरचे डोळे मिटायचे.

"आंबट न्हवती," पिराजी म्हणाला. "तुरट."

मग दिवस बदलले. फ्लेक्स आलं, ज्याला आम्ही डिजिटल म्हणतो. गल्लीतल्या प्रत्येक दादाचा वाढदिवस, त्याच्या कुत्र्याचा वाढदिवस, सगळं डिजिटलवर. सकाळी फोटो द्या, दुपारी बोर्ड घ्या. थिएटर बंद पडलं, मी घरी बसलो, पिराजी घरी बसला. मेलेल्यांची चित्रंही मशीनवर निघायला लागली. त्यात म्हातारी माणसं गोरी दिसायची आणि घरच्यांना तेच बरं वाटायचं. पिराजी गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवायला लागला. ते पण बंद झालं. मीनाबाईची बुट्टी तेवढी चालू होती. घर तिनं चालवलं. हा दुपारी तिच्याशेजारी त्या पोत्यावर जाऊन बसायचा आणि दोघं न बोलता रस्ता बघायची.

एका थंडीत झाडं गेली. रस्ता रुंद करायचा होता. मशीन आणलेलं, करवतीचं. तासात झाड आडवं. शिरसाला थंडीत पान नसतं, नुसत्या वाळक्या शेंगा असतात, वारं आलं की खुळखुळतात. झाड पडलं की त्या शेंगांचा आवाज असा व्हायचा, मंगळवारच्या बाजारात कुणी पोतं भरून पैंजणं ओतावीत तसा. पेठेतली माणसं बघायला उभी राहिली. कुणी अडवलं नाही. मी पण नाही. मी तर त्यातली एक फांदी पाणी तापवायला घरी आणली.

मीनाबाई उघड्यावर बसायला लागली. छत्री लावली तर अतिक्रमण म्हणून महापालिकेची माणसं उचलून न्यायची. मग छत्री सोडून बुट्टीच नेली, वजनकाटा नेला. ती रिकाम्या हातानं घरी आली आणि पुढची थंडी यायच्या आत गेली. डॉक्टर म्हणाला हृदय. असेल. डॉक्टरला शिकवायला मी कोण? पिराजीनं तेराव्याला चित्र काढलं नाही. काढू नका म्हणाली होती, काढलं नाही. भिंतीवर नुसता खिळा मारला आणि त्याला हार घातला. लोक आले, हात जोडून खिळ्याच्या पाया पडले.

"व्हय?" जोतीरामनं विचारलं. पेला त्यानं खाली ठेवला होता.

"व्हय," सयाजी म्हणाला. ह्या वेळी त्याला खोटं बोलावं लागलं नाही.

इथून पुढची गोष्ट सुरू होते संग्रामपासून. संग्राम म्हणजे आमच्या भागातलं पुढारी पोरगं. वाईट नाही. शाळेत असताना मीनाबाईची बोरं खाऊन मोठं झालेलं. रुंद रस्त्याच्या कडेला एका गोदामाची लांबलचक भिंत उघडी पडली होती, आधी झाडांमागं लपलेली. मुंबईहून कुणी मोठे पावणे येणार होते, रस्त्याचं उद्घाटन, संग्रामचा सत्कार. फेरीवाले हटवून रस्ता मोकळा करून दाखवला म्हणून सत्कार. तो पिराजीच्या घरी आला, चपला बाहेर काढून. म्हणाला, पेंटरकाका, लोक झाडांवरून शिव्या घालायला लागलेत. भिंतीवर तरी लावा. इथली झाडं, जशी हुती तशी. ती तुमच्याशिवाय कुणाला आठवणार?

मला वाटलं पिराजी त्याला हाकलून देणार. त्यानं विचारलं, "भिताडाला प्लास्टर हाय का?"

काम डिसेंबरात सुरू झालं. मी शिडी धरायला जात होतो, म्हणून हे सगळं ह्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. थंडीत तेलाचा रंग घट्ट होतो. डबे ओळीनं उन्हात मांडायचे आणि आपण पुठ्ठे पेटवून हात शेकायचे. नीळ लावलेली दोरी भिंतीवर ताणून टणकन सोडायची, की सरळ रेघ. अशा रेघांच्या चौकटी. पण समोर बघून काढायला फोटो नव्हता. त्या रस्त्याचे फोटो गावात हजार होते, पण सगळ्यांत पुढं कुणाचं तरी तोंड आणि झाड मागं कानापुरतं. पिराजीनं डोक्यातून काढली. आणि काढली ती थंडीतली, सकाळची. उघड्या फांद्या, त्यांवर भुरकट पिवळ्या शेंगा, बुंध्याच्या खाली धुरळा, आणि ऊन असं आडवं की प्रत्येक झाडाची सावली पलीकडच्या झाडाच्या पायाशी जाऊन झोपलेली. शिवाय प्रत्येक बुंध्यावर खिळे. निवडणुकीचे बोर्ड ठोकायला त्यानंच मारलेले.

आता जे सांगतो ते मानायचं तर माना. रंग ओला होता तेव्हा पोपट आले आणि भिंतीवरच्या शेंगा फोडायला बघत होते.

"पोपट न्हवं. साळुंक्या," पिराजी म्हणाला.

बरं, साळुंक्या. माणसं त्या भिंतीजवळ आली की स्वेटरची बटणं लावायची, इतका गारठा. एक एस.टी.चा ड्रायव्हर, ह्याच रस्त्यावर नोकरी काढलेला, वळणावर आला आणि सरळ जायच्या ऐवजी सवयीनं भिंतीतल्या रस्त्याला लागला. पुढची काच गेली. खाली उतरून म्हणतो, मी माझ्या रस्त्यानं चाललोतो, भिंत कुणी मध्ये आणली?

"एस.टी. न्हवं," पिराजी म्हणाला. "छोटा हत्ती."

कट्ट्यावर सगळे हसले. जोतीराम पण हसला. त्याच्या गाडीला लोक छोटा हत्तीच म्हणतात.

मग संग्राम बघायला आला. बराच वेळ भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. 

"काका, पानं कुठायत?"

"थंडी हाय," पिराजी शिडीवरून म्हणाला.

"थंडी आपल्याला. झाडास्नी काय?"

"शिरसाला थंडीत पानं नसत्यात. शेंगा असत्यात. तूच म्हणलास, जशी हुती तशी."

"म्हणलो. पर पावणं येणार, फोटो हुणार, आणि मागं ही वाळकी झाडं? लोकं म्हणतील, आधी मारली आणि आता मढी रंगवून ठेवल्यात."

मी शिडी धरून होतो. मनात म्हटलं, पोराला शाळेत उगाच नापास करत होते.

पिराजीनं सौदा केला. पुढची, फोटोत येणारी झाडं हिरवी करतो. वळणाजवळची मागची तशीच राहू देत. संग्रामला फोटोपुरतं पाहिजे होतं, तो कबूल झाला. पिराजीनं हिरव्याचे डबे उघडले आणि उभ्या थंडीत झाडांवर आषाढ आणला. ते रंगवताना तो जे बोलला ते कट्ट्यावर सांगण्यासारखं नाही, बाया येतात इथं दूध न्यायला.

आणि मग एके सकाळी, वळणाजवळच्या उघड्या झाडाखाली, तो मीनाबाईला बसवायला लागला.

मी म्हटलं, पिराजी, तिनं नको म्हटलं होतं. तो म्हणाला, "घरात टांगली तर शिव्या घालंल, अण्णा. तिच्या झाडाखाली बसवली तर काय म्हणंल? बसलीया आपली बोरं घिऊन. जगाची मढी रंगवली मी. एवढं एक माझं." म्हातारा माणूस थंडीत एवढं लांब बोलला, की मी डबे उन्हात सरकवायला लागलो. त्याच्या मनात तेवढंच होतं. भिंत, सत्कार, पावणे, सगळं त्याच्यासाठी ह्या एका कोपऱ्याला जागा मिळावी म्हणून होतं. पहिल्या दिवसापासून होतं, हे मला तेव्हा उमगलं.

बुट्टी झाली. पोतं झालं. लुगडं झालं, विटकरी. चेहऱ्याला त्यानं सकाळ घालवली. मी पुठ्ठे जाळत बसलो आणि बघितलं नाही; बायकोचा चेहरा आठवत असलेल्या माणसाकडं बघू नये. दुपारी त्यानं हाक मारली. मी उठून बघितलं, आणि मीनाबाई माझ्याकडं, उधार मागायला आलेल्या माणसाकडं बघतात तशी बघत होती. तीच. ह्यात एक अक्षर वाढवलेलं नाही.

पण पिराजी ब्रश धरून उभा होता आणि त्याचं काहीतरी बिनसलं होतं. मला म्हणाला, "अण्णा, मीनाची चमकी कंच्या अंगाला हुती?"

चमकी त्यानं डाव्या नाकपुडीत घातली होती. मेलेल्या बायकांची हजार चित्रं काढली, सगळ्यांच्या डाव्या नाकपुडीत. हात आपोआप डावीकडं गेला. पण मीनाबाईचं माहेर कुरुंदवाडच्या पलीकडं, सीमेच्या तिकडं, कानडी मुलूख. त्यांच्यात उजवीकडं टोचतात. लग्नात आमच्या बायकांनी ह्यावरून तिची चेष्टा केली होती, आरशातली नवरी म्हणून. सगळ्या पेठेला माहीत होतं. मी सांगितलं, उजवीकडं. पिराजीनं अंगठ्यानं तो ठिपका पुसला. मग अंगठा बघत खाली बसला, उन्हात मांडलेल्या डब्यांच्या ओळीत, आणि ऊन गेलं तरी उठेना. उजवीकडचा ठिपका त्यानं दुसऱ्या दिवशी दिला.

कट्ट्यावर आता कुणी हसत नव्हतं. सयाजीनं बादली बाजूला ठेवली. पिराजीनं ह्यातलं काहीच दुरुस्त केलं नाही.

पावणे यायच्या आदल्या दिवशी संग्राम परत आला. पुढची हिरवी झाडं बघून खूश झाला, फोटो काढले. मग वळणाजवळ गेला आणि थांबला.

"ही कोण?"

"मीना," पिराजी म्हणाला.

"व्हय, मावशी." संग्राम एक पाऊल पुढं गेला. हात जोडतो की काय असं मला वाटलं. मग त्यानं मागं वळून आपली माणसं लांब आहेत ना बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, फेरीवाले हटवले म्हणून सत्कार हाय उद्या. आणि मागं भितीवर फेरीवाली बसलीया. लोकं हसतील मला. उद्या धा वाजंपतूर ती जागा मोकळी पायजे."

"माझी बायको हाय ती," पिराजी म्हणाला.

"म्हायती हाय, काका. म्हणून तर हळू सांगतोय."

दुसऱ्या दिवशी मला ताप आला. थंडीत शिडी धरून माझी छाती भरली होती. म्हणून ह्याच्यापुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण न पाहिलेली गोष्ट मला जास्त चांगली सांगता येते.

तर झालं असं. पिराजी हलेना, म्हणून संग्रामनं पोरं पाठवली, रोलर घेऊन. पिराजी भिंतीसमोर आडवा उभा राहिला. त्याला दोघांनी उचलून बाजूला बसवलं आणि मीनाबाईवरनं पांढरा रोलर फिरवला. एक हात, दोन हात. पोरं चहाला गेली, आली, बघतात तर मीनाबाई तिथंच. पांढऱ्यातून वर आलेली. डोक्यावरचा पदर तेवढा सारखा केलेला. पोरांनी परत रोलर मारला. परत आली. ह्या वेळी बुट्टीत ताजी बोरं.

"गेल्या खेपेला दोनदाच आलती," सयाजी म्हणाला.

"तवा थंडी कमी हुती," मी म्हणालो.

तिसऱ्यांदा रोलर मारला आणि ती अशी आली, की डोळे थेट संग्रामवर. पोरांनी रोलर टाकला आणि पळाली. तेवढ्यात संग्रामची आई, आक्का, सकाळचं फिरायला म्हणून तिथून चालली होती. तिनं भिंतीकडं बघितलं, लेकाकडं बघितलं, आणि भर रस्त्यात, पावण्यांच्या गाड्या लांबून दिसत असताना, त्याचा कान धरला. तुझ्या वेळेला मला डोहाळे लागलेले, म्हणाली. हिच्या चिंचा खाऊन तू झालास. आणि हिलाच उठवतोस?

"मग?" जोतीराम पुढं झुकला होता.

"मग काय? आईपुढं पुढारी कंचा?" मी म्हणालो. "पावणं आलं, सत्कार झाला, फोटो झालं. मीनाबाई मागं बसून सगळ्यास्नी बगत हुती. आजबी बसलीया. कवाबी जाऊन बगा."

हे शेवटचं वाक्य मी आधी कधी म्हटलं नव्हतं. एरवी आक्का कान धरते तिथं लोक हसतात, कुणीतरी माझ्या दुधाचे पैसे देतो आणि गोष्ट संपते. पण ह्या पावण्याचे डोळे असे झाले होते, की मला राहवलं नाही. म्हातारपणी जीभ सैल होते.

जोतीरामनं पेला बाजूला सरकवला. मग म्हणाला, त्याची आई पण बसायची, आजऱ्यात, स्टँडच्या बाहेर, करवंदं घेऊन. तिला पण उठवली. आता घरात बसून असते आणि कुणाशी बोलत नाही. फोनवर तिला ही भिंत दाखवायची म्हणाला. एवढी एक बाई कुठंतरी बसून आहे, हे तिला बघू दे.

तो उठला. मफलर सोडून परत गुंडाळला आणि टेम्पोची किल्ली हातात घेतली.

"चला की, मामा," पिराजीला म्हणाला. "तुमी आलासा तर बरं हुईल. तुमच्याच हातची हाय."

मी म्हणालो, आता तिकडं गर्दी असते. म्हणालो, गाडी लावायला जागा नाही, तुम्हीच म्हणालात. म्हणालो, त्या भिंतीवर सध्या वाढदिवसाचे डिजिटल लागलेत, काय दिसणार नाही. जोतीराम म्हणाला, मी उचलून धरतो डिजिटल, मामा दाखवतील. आणि त्यानं पिराजीला उठायला हात दिला.

पिराजीनं त्या हाताकडं बघितलं. हात धरला नाही. पेला खाली ठेवला.

"बसा, पावणं," तो म्हणाला. "अण्णा खोटं सांगतोय. मीना न्हाय तिथं. रोलर न्हवता, पोरं न्हवती, आक्काबी आली न्हाय. माझा हात कुणी धरला न्हवता. संग्रामनं सांगितलं आणि मी पुसली. हिरवा रंग उरलाता, त्यातनं तिच्या जागी झुडूप काढलं. चांगलं जमलंय म्हणत्यात लोकं."